‘बिचारा टॉम’च्या पुढे काय?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आम्हा बाराजणांचा वाचनगट आहे. निवृत्त शिक्षक, दोन वकील, बँकेतल्या तिघी, कॉलेजची मुलं. अमेरिकेतल्या वंशभेदावरच्या कादंबऱ्या वाचायच्या असं ठरवून आम्ही ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ घेतली. सगळ्यांना आवडली आणि चर्चा चाळीस मिनिटांत आटोपली : ॲटिकस किती थोर, टॉम बिचारा, अमेरिकेत तेव्हा केवढा अन्याय होता. एक सर म्हणाले, एवढंच कळायचं असेल तर इतिहासाचं पुस्तक बरं. एक ताई म्हणाल्या, आपल्याकडची जात सोडून तिकडचं कशाला उकरायचं? पुढचे चार महिने हाच विषय चालवायचाय. काय वाचावं, कसं वाचावं? आणि पुस्तकांतल्या शिव्या मोठ्याने वाचायच्या का?
— गटाची समन्वयक, सातारा जिल्हा

उत्तर : सरांची शंका रास्त आहे, तेव्हा आधी तिच्याबद्दल. कायदे, खटले, आकडे यांच्यासाठी इतिहासाचंच पुस्तक घ्या. ‘वेगळे पण समान’ (गोऱ्या-काळ्यांच्या सोयी समान असल्या तर वेगळ्या ठेवल्या तरी चालेल) हे तत्त्व तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात कसं उचलून धरलं आणि १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात शाळांपुरतं ते कसं मोडीत काढलं, हे कादंबरीतून शोधत बसायचं काही कारण नाही. कादंबरी वाचणाऱ्याला कुणाच्या तरी जागी नेऊन बसवते, आणि ती चांगली असेल तर त्या जागेवरून काय दिसत नाही हेही उमगू देते. तोंडावर शिवी देणारा माणूस कुणालाही ओळखता येतो. चांगल्या मनाने, देणग्या देऊन, वेळच्या वेळी भाडं वसूल करून जो भेदभाव चालतो तो पकडायचा तर त्या घरात राहावं लागतं. म्हणून प्रत्येक पुस्तकाला दोनच प्रश्न विचारा : सांगतंय कोण? आणि सांगणाऱ्याच्या नजरेतून काय निसटतंय?

टॉम हा गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा खोटा आरोप आलेला कृष्णवर्णीय, ॲटिकस त्याचा गोरा वकील, आणि गोष्ट सांगते ती ॲटिकसची मुलगी स्काउट. तुमची चर्चा लवकर संपली, कारण तुम्ही स्काउटच्याच नजरेने वाचलंत. सहा ते नऊ वर्षांच्या मुलीला बाप डोंगराएवढा दिसणारच. नवीन पुस्तक उघडण्याआधी याच कादंबरीची तीन प्रकरणं पुन्हा काढा : बारा, एकोणीस आणि चोवीस.

बाराव्यात ॲटिकसच्या घरची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण कॅलपर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते. तिथे ती वेगळं इंग्रजी बोलते आणि स्काउट चकित होते. इतकी वर्षं घरात वावरणाऱ्या बाईला स्वतःचं वेगळं जग असेल, हे पोरीच्या डोक्यातही आलेलं नसतं. तुरुंगात असलेल्या टॉमच्या बायकोसाठी वर्गणी गोळा होते. दहा डॉलर जमेपर्यंत पाद्री दारं बंद ठेवतात. कोर्टात टॉमची बाजू ॲटिकस लढवतो, पण टॉमच्या घरची चूल कुणाच्या पैशावर पेटते ते या दोन पानांत आहे, आणि ही दोन पानं सहसा कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

एकोणिसाव्यात टॉमची उलटतपासणी. त्याचा डावा हात लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. मार बसलेल्या मुलीच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली, म्हणजे मारणारा डावखुरा. पुरावा इतका लख्ख. मग टॉम फसतो कुठे? फुकट कामं का करून द्यायचास, या प्रश्नावर तो बोलून जातो की मला तिची कीव यायची. सरकारी वकील तेवढंच धरून बसतो. काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करावी, हा त्या कोर्टात बलात्काराच्या आरोपाइतकाच मोठा गुन्हा. गटातल्या वकिलांना हे पान मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, कायद्याच्या कुठल्या कलमात हे बसतं? कुठल्याच नाही. तरी निकाल त्यावरच झुकतो.

आणि चोविसावं. आमच्या मते पुस्तकातलं सगळ्यात धारदार प्रकरण हेच. आत्याच्या चहाला गावातल्या बायका जमल्यात. आफ्रिकेतल्या म्रुना नावाच्या जमातीच्या हालअपेष्टांनी त्यांचे डोळे पाणावतात. त्याच दमात एक बाई तक्रार करते की खटल्यापासून घरच्या स्वयंपाकिणीचं तोंड फुगलेलं असतं, शेवटी तिला सुनवावं लागलं. हे चालू असताना खाण्याच्या बशा फिरवतेय कोण? कॅलपर्निया. थोड्या वेळात स्वयंपाकघरात बातमी येते की टॉमला पळून जाताना गोळ्या घातल्या, सतरा. ॲटिकस कॅलपर्नियाला घेऊन टॉमच्या बायकोकडे जातो, आणि आत्या चेहरा सावरून पुन्हा बशी हातात घेऊन बाहेर येते. दूरच्या दुःखाने रडणं किती सोपं आणि शेजारच्या माणसाचं फुगलेलं तोंड किती जड, हे लेखिकेने भाष्य न करता मांडलंय. कॉलेजची मुलं ‘आम्ही सिनेमा पाहिलाय’ म्हणतील. १९६२ च्या त्या सिनेमात ही आत्याच नाही, त्यामुळे हा चहाही नाही.

या बैठकीचा एक नियम : पहिला अर्धा तास ॲटिकसचं नाव कुणी घ्यायचं नाही. नियम बालिश वाटेल, पण तो नसेल तर गाडी पुन्हा त्याच रुळावर जाते. ॲटिकसवर यायचंच असेल तर एवढं सांगा की याच पात्रांचं आधी लिहिलेलं हस्तलिखित २०१५ मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ म्हणून छापलं गेलं. त्यात म्हातारा ॲटिकस शाळा एकत्र करण्याच्या विरोधात उभा असलेला पाहून अनेक वाचक दुखावले होते.

पहिल्या महिन्यात नवीन कादंबरी नकोच. टोनी मॉरिसनची ‘रेसिटाटिफ’ ही १९८३ ची कथा घ्या. जेमतेम वीस-पंचवीस पानं. ट्वायला आणि रॉबर्टा या दोन मुली आठव्या वर्षी अनाथालयात एका खोलीत राहतात आणि पुढे आयुष्यभर अधूनमधून भेटत राहतात. एक काळी, एक गोरी. कोण कुठली, हे लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही. गटात हे असं वाचा : सगळ्यांनी घरी वाचून यायचं, नेटवर काही शोधायचं नाही. आल्या आल्या प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या : काळी कोण, आणि कुठल्या वाक्यावरून तसं वाटलं. चिठ्ठ्यांवर नावं नकोत. मग एकेक उघडून वाचा. कुणी लिहील, रॉबर्टाच्या आईच्या छातीवर भला मोठा क्रॉस आहे म्हणून. कुणी लिहील, ट्वायलाची आई रात्रभर नाचते म्हणून. डब्यातली कोंबडी, नवऱ्याची नोकरी, रॉक गिटारवादक हेंड्रिक्सची मैफल, सगळं पुरावा म्हणून पुढे येईल आणि तोच पुरावा दोन्ही बाजूंनी वापरला जाईल. नंतर विचारा की आपल्यापैकी बहुतेकांनी अमेरिकेत पाऊलही ठेवलेलं नाही, मग हे ठोकताळे आपल्याकडे आले कुठून? या प्रश्नावर गट जरा अवघडतो. अवघडू द्या. ‘शेवटी खरं उत्तर काय’ असा हट्ट कुणी धरला तर सांगा की मुद्दामच ठेवलेलं नाही, आणि अनाथालयातल्या मुक्या मॅगीकडे वळा. तिला बागेत लाथा घातल्या गेल्या, तेव्हा आपण काय केलं आणि ती काळी होती का, यावर मोठेपणी या दोघींचं एकमत होत नाही. कथेचा जीव तिथे आहे.

दुसऱ्या महिन्यात नेला लार्सन यांची १९२९ ची ‘पासिंग’. दीडशेच्या आत पानं, त्यामुळे इंग्रजी वाचायला कचरणाऱ्यांनाही झेपते. शिवाय आता कॉपीराइटमुक्त आहे, तेव्हा झेरॉक्सची धाकधूक नको. त्या काळी कित्येक राज्यांत वंशावळीत एक जरी काळा पूर्वज निघाला तरी माणूस काळा ठरायचा. व्हर्जिनियाने १९२४ मध्ये तसा कायदाच केला. त्यामुळे दिसायला गोरी पण कायद्याने काळी अशी माणसं असायची आणि त्यातली काही ओळख लपवून गोऱ्यांत मिसळायची. यालाच ‘पासिंग’ म्हणत. आयरीन आणि क्लेअर या बालमैत्रिणी शिकागोच्या एका हॉटेलच्या गच्चीवर भेटतात तेव्हा दोघीही गोऱ्या समजल्या जाताहेत. पुढे चहाच्या वेळी क्लेअरचा गोरा नवरा येतो. बायको दिवसेंदिवस सावळी होतेय म्हणून तो लाडाने तिला एन-शब्दाच्या, म्हणजे ‘एन’ अक्षराने सुरू होणाऱ्या कृष्णवर्णीयांना द्यायच्या शिवीच्या, तुकड्याने हाक मारतो, आणि आपल्या घराण्यात असलं कुणी नाही, असणारही नाही, असं ठासून सांगतो. समोर बसलेल्या तिन्ही बायका कायद्याने काळ्या. तिघी हसतात. हे हसू कुणाचं कशासाठी आहे, एवढ्यावर अर्धा तास घाला. आयरीन सांगते ते सगळं खरं धरू नका : ती स्वतःच्या सुरक्षित संसाराला फार जपते, क्लेअरवर जळते, आणि आपल्या घरातल्या मोलकरणीकडे तिचं फारसं लक्ष नसतं. शेवटचं पान धूसर आहे. तिथे काय घडलं यावर मतदान घेऊ नका; आयरीनला काय आठवायचं नाहीये, ते विचारा.

याच बैठकीत ताईंच्या प्रश्नालाही जागा आहे. ‘पासिंग’ला जोडून बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ वाचा. त्याच नावाचा संग्रह १९६३ मध्ये आला. सुरतेजवळ रेल्वेत नोकरीला गेलेला तरुण भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो आणि उघड झाल्यावर मार खातो. दोन्हीकडे लपवणं आहे, पण क्लेअरची कातडी तिला साथ देते. आपल्याकडे कातडीवरून कळत नाही, म्हणून ‘आडनाव काय?’ विचारलं जातं. असा फरक धरून बोललात तर तुलना कामाची. ‘आमची जात म्हणजेच त्यांचा वंश’ असं सरसकट समीकरण मांडलं की दोन्ही विषय सपाट होतात. आणि हा धागा काही आज कुणी ओढूनताणून आणलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच तिकडच्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतलं.

इथे एक जपा. गटात दलित किंवा मुस्लिम सदस्य असतील तर ‘तुमचा अनुभव सांगा ना’ म्हणून त्यांच्याकडे माना वळवू नका. सांगावंसं वाटलं तर ते सांगतील. बाकीच्यांनी आपण विचारलेली आडनावं आठवावीत. तेवढं बोलायला पुष्कळ आहे.

तिसरा महिना जड : रिचर्ड राइट यांची १९४० ची ‘नेटिव्ह सन’. सदस्यांना आधीच सांगा की यात खून आहेत, प्रेताची विल्हेवाट आहे, लैंगिक हिंसा आहे. नायक बिगर थॉमस आवडण्यासारखा नाही, आणि लेखकाने तो तसा मुद्दाम ठेवलाय. टॉम रॉबिन्सनबद्दल कळवळा येतो कारण तो निर्दोष आहे. इथे दोषी माणूस समोर ठेवून लेखक वाचकाला विचारतो, आता काय कराल? १९१० ते १९७० या काळात साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय दक्षिणेतून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेले. शिकागोत त्यांना राहायला एक ठरावीक पट्टा मिळाला, कारण घरांच्या खरेदीखतातच ‘काळ्यांना विकू नये’ अशी अट असायची. न्यायालयांनी अशी अट अमलात आणू नये, असा निकाल लागायला १९४८ उजाडलं.

या पार्श्वभूमीवर मिस्टर डाल्टन या माणसाकडे बघा. भला गृहस्थ. कृष्णवर्णीयांच्या संस्थांना देणग्या देतो, बिगरला ड्रायव्हरची नोकरी देतो. बिगरचं चौघांचं कुटुंब ज्या एका खोलीत राहतं, जिथे पहिल्याच प्रसंगात तो तव्याने उंदीर मारतो, त्या खोलीचं आठवड्याचं भाडं आठ डॉलर, आणि इमारत डाल्टनच्याच कंपनीची. पुढे बिगरच्या हातून डाल्टनची मुलगी मारली जाते. तिसऱ्या भागात त्या खुनाच्या चौकशीत बिगरचा वकील डाल्टनला विचारतो, काळ्यांना घरं त्याच पट्ट्यात आणि जास्त भाड्याने का? डाल्टन मागणी-पुरवठ्याकडे बोट दाखवतो, आणि मुलांच्या क्लबला आपण टेबल-टेनिसची टेबलं दिली हेही ऐकवतो. बँकेतल्या तिघींना हा उतारा द्या. कागदावर एकही नियम न मोडता हे कसं चालतं, ते त्या इतरांपेक्षा चांगलं उलगडतील. पुण्या-मुंबईत भाड्याचं घर शोधलेला एखादा सदस्य असेल तर चर्चा आपोआप इकडे येईल.

वेळ वाचवायचा तर पहिला भाग पूर्ण, दुसरा भरभर आणि तिसऱ्यातली चौकशी नीट वाचा. वकिलाचं शेवटचं लांबलचक भाषण गाळलंत तरी चालेल; तिथे कादंबरी थांबते आणि पत्रक सुरू होतं. पण बेसीला गाळू नका. बिगर आपल्या या काळ्या मैत्रिणीलाही मारतो, आणि तिचं प्रेत गोऱ्या मुलीच्या खुनाचा पुरावा म्हणून चौकशीत आणलं जातं. तिच्यासाठी कुणी रडत नाही. स्वतः लेखकही तिला फार जागा देत नाही, आणि हा आक्षेप गटात कुणी घेतला तर तो अगदी बरोबर आहे.

चौथ्या महिन्यात जोडी. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’मधली सोळावं आणि एकतिसावं ही प्रकरणं, आणि पर्सिव्हल एव्हरेट यांची २०२४ मधली, पुलित्झर मिळालेली ‘जेम्स’ पूर्ण. एकतिसाव्यात हक हा गोरा पोरगा फरारी गुलाम जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र लिहितो आणि फाडून टाकतो. आपण पाप करतोय, नरकात जाणार, अशी त्याची खात्री असते, तरी फाडतो. त्याचं मन सरळ आहे. वाकडं आहे ते त्याला शिकवलेलं पाप-पुण्य. पण सगळं हकच सांगतो, त्यामुळे जिमच्या मनात काय चाललंय ते त्याला दिसतं तेवढंच आपल्याला कळतं. ‘जेम्स’मध्ये तोच जिम बोलतो. दुसऱ्याच प्रकरणात तो मुलांची शिकवणी घेतो : गोऱ्यांसमोर अडाण्यासारखं कसं बोलायचं. एखाद्या गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघराला आग लागलेली दिसली तर काय म्हणायचं? ‘आग’ म्हणायचं नाही. ‘अगं बाई, तिकडे बघा’ एवढंच, कारण काय घडलंय त्याला नाव देण्याचा मान त्यांचा. हे वाचून पुन्हा सोळाव्या प्रकरणातलं जिमचं बोलणं वाचा. शब्द तेच, पण आता ते जपून टाकलेले ऐकू येतात. म्हणून क्रम आधी हक, मग जेम्स असाच ठेवा. उलट केलात तर हा धक्का बसत नाही.

शिव्यांचं पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. ‘हकलबरी फिन’मध्ये तो एन-शब्द दोनशेहून जास्त वेळा येतो. २०११ मध्ये एका आवृत्तीने तो काढून ‘गुलाम’ घातला आणि मोठा वाद झाला. पानावर शब्द राहू द्या, मोठ्याने वाचताना नुसतं ‘एन’ म्हणून पुढे जा. कोण कुणाला, कुणादेखत म्हणतो, हे मात्र टिपा. मराठीत सांगताना ‘कृष्णवर्णीय’ म्हणा. जुन्या मराठी पुस्तकांत ‘निग्रो’ दिसला तर तो त्या काळचा रूढ शब्द होता एवढं सांगून पुढे चला.

बैठकीला दोन तास धरा. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून आपल्याला अडकवणारं एक वाक्य वहीत उतरवायचं. हे टाळलं तर जो आधी बोलेल त्याच्या मागे सगळे जातात. मग तासभर एकच प्रसंग, पुस्तक उघडं ठेवून. कथानक कुणी सांगायला लागलं तर पान क्रमांक विचारा, सांगणं आपोआप थांबतं. त्यानंतर सरांना वीस मिनिटं द्या : त्यांनी त्या महिन्याचे कायदे आणि साल एका पानावर उतरवून आणावेत. इतिहासाचा आग्रह त्यांचाच होता, आणि ते काम त्यांना आवडेल. उरलेला वेळ इकडच्या गोष्टींना. मात्र शेवटीच, नाहीतर पुस्तक उघडण्याआधीच सगळे आपापल्या वादात गुंततात.

कुणी ‘द हेल्प’ सुचवेल. वाचायला झरझर आहे, घरकाम करणाऱ्या बायकांची आहे, म्हणून मोह होईल. पण त्यात काळ्या बायकांच्या गोष्टी गोळा करून पुस्तक छापणारी मुलगी गोरी आहे, आणि २०११ मध्ये कृष्णवर्णीय इतिहासकार स्त्रियांच्या संघटनेने त्यातल्या चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला होता. चार महिन्यांनंतर घ्या. तोवर गट स्वतःच ते प्रश्न विचारू लागलेला असेल. पाचवा महिना मिळालाच तर कोल्सन व्हाइटहेड यांची ‘द निकल बॉइज’, दोनशेच्या आसपास पानं. फ्लोरिडातल्या २०११ मध्ये बंद झालेल्या खऱ्या सुधारगृहावर ती बेतलेली आहे. त्याच्या आवारात नंतर पन्नासहून अधिक थडगी सापडली. शेवट कुणी आधी फोडू नये, एवढं बजावा.

मागवण्यापूर्वी एक : ‘नेटिव्ह सन’चे दोन पाठ बाजारात आहेत. १९४० मध्ये बुक क्लबच्या आग्रहाखातर काही भाग गाळले, बदलले गेले. मूळ पाठ छापला गेला तो १९९१ मध्ये. सिनेमागृहातला प्रसंग दोन्हींत वेगळा आहे : मूळ पाठात बिगर नोकरीवर जाण्याआधीच पडद्यावरच्या बातमीपटात डाल्टनच्या मुलीला पाहतो, जुन्या पाठात ते नाही. अर्ध्या गटाकडे एक आणि अर्ध्याकडे दुसरा पाठ आला तर पानंही जुळणार नाहीत आणि भांडण भलतंच होईल. मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर ‘रिस्टोअर्ड’ लिहिलेली प्रत बघूनच सगळ्यांसाठी एकदम मागवा.